लडकू घुडे व्हेनिसला गेला तेव्हा

मुरबाडच्या एमआयडीसीत गोळ्या-औषधांच्या पट्ट्या पॅक करणारी एक कंपनी आहे. तिथल्या पॅकिंग खात्यात लडकू घुडेची हयात गेली. हेल्पर म्हणून लागला तेव्हा मिसरूड नुकतं फुटलं होतं, आता डोक्यावर काळा केस शोधावा लागतो. वैशाखरे गावाच्या अलीकडे रस्त्यालगत त्याचं घर. सकाळच्या एसटीने कामावर जायचं, संध्याकाळी परत यायचं, आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत रजा टाकून चिखलात उतरायचं, असं त्याचं आयुष्य चाललं होतं. मुंबईसुद्धा त्याने कामापुरतीच पाहिली होती. असा हा माणूस पन्नाशी उलटल्यावर इटलीला गेला. तिथे त्याने जे केलं ते बरोबर की चूक, हे त्याला अजून ठरवता आलेलं नाही.

कंपनीने नवं मशिन घ्यायचं ठरवलं होतं. ते बोलोन्या नावाच्या शहराजवळ तयार होत होतं. जहाजात चढवण्याआधी तिथेच चालवून बघायचं आणि शिकून घ्यायचं, म्हणून मॅनेजर साहेबांबरोबर दोन माणसं पाठवायची ठरली. एक लडकू. दुसरा खरं तर इंजिनिअर होता, पण त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं. त्याने ऐन वेळी माघार घेतली. पासपोर्ट तयार असलेला दुसरा कुणी ऑपरेटर आहे का, अशी शोधाशोध झाली आणि अनिल रोकडेचं नाव निघालं. कधीकाळी आखातात जायचं म्हणून त्याने पासपोर्ट काढला होता. जाणं राहिलं, पासपोर्ट कपाटात पडून होता.

अनिल किन्हवलीचा. लडकूच्या शेजारी, त्याच मशिनवर दहा वर्षं कामाला, पण ठेकेदाराकडून आलेला कंत्राटी माणूस. वयाने लडकूपेक्षा बराच लहान. तरी दोघांचं जमलं ते डब्यावरून. अनिलची बायको सारिका सुकट फार चांगली करायची आणि लडकूचा त्या डब्यावर डोळा असायचा. पुढे घरी येणंजाणं सुरू झालं. पहिल्यांदा लडकू किन्हवलीच्या बौद्धवाड्यात जेवून आला तेव्हा त्याची आई, सोनूबाई, जिवंत होती. तिने विचारलं, "कुनाकडं जेवलास?" लडकूने सांगितलं. म्हातारीने पदर सावरला. मग म्हणाली, "कालवन कशाचं होतं?" तेवढ्यावर तो विषय घरात संपला.

बोलोन्याजवळ कंपनीने त्यांना स्वयंपाकघर असलेली एक खोली घेऊन दिली होती. लडकूने घरून कुकर, तांदूळ, डाळ आणि शकूने, म्हणजे बायकोने, बांधून दिलेली लसणाची चटणी नेली होती. दिवसा मशिनवर उभं राहायचं, रात्री भात-वरण खाऊन झोपायचं. नोव्हेंबरचे दिवस होते. धुकं असं उतरायचं की समोरचं झाड दिसेना. मधल्या शनिवार-रविवारी सुट्टी होती. साहेब मिलानला नातेवाइकांकडे गेले. तेव्हा अनिल म्हणाला, "दादा, इथनं दोन तासांवर पान्यातलं शहर हाय. व्हेनिस. रस्तेच नायत म्हनं, सगळीकडं पानी. जाऊन येऊ."

"पानी बघायला एवढ्या लांब?" लडकू म्हणाला.

"एवढ्या लांब आलोय तर खोलीत बसून काय करायचं?"

अनिलने मोबाइलवर सगळं जुळवून ठेवलं होतं. सगळ्या स्टेशनांवर थांबणारी स्वस्त गाडी, व्हेनिसच्या अलीकडे मेस्त्रे नावाच्या गावात एका खोलीत सहा खाटा असलेली उतरायची जागा. खाण्याचा डबा बरोबर न्यायचा, फिरायचं पायी. लडकू तयार झाला. निघताना त्याने पाहिलं, आपल्या हातात एक पिशवी आहे आणि अनिलने मात्र मोठी बॅग पाठीला लावली आहे. थंडीचे कपडे घेतले असतील, असं त्याला वाटलं.

मेस्त्रेला उतरायच्या जागी काउंटरवर पासपोर्ट दाखवून झाल्यावर अनिलने आपला पासपोर्ट लडकूकडे दिला. "तुझ्या कमरेच्या पाकिटात ठेव. माझ्या खिशातनं पडंल."

व्हेनिसच्या स्टेशनाबाहेर पायऱ्या उतरल्या की समोर थेट पाणीच. लडकू पायरीवर थांबला. पाण्यापलीकडे हिरव्या घुमटाचं देऊळ, आणि मधून भाजीचे क्रेट भरलेली एक लांब होडी चाललेली. होडीवरच्या माणसाने एका हाताने सुकाणू धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने तो पाव खात होता. आपल्याकडचा टेम्पोवाला असाच खातो, एवढंच लडकूच्या मनात आलं. पण मग होडीतून कचरा जाताना दिसला, होडीतून सिमेंट जाताना दिसलं, आणि एका पुलाखालून भोंगा वाजवत रुग्णाला नेणारी होडी गेली, तेव्हा तो अनिलला म्हणाला, "हिथं मानसं खरंच राहतात रे. आपल्याला वाटलं नुसतं बघायला ठेवलंय."

दिवसभर ते पायी फिरले. काळ्या, टोक वळलेल्या नावांमध्ये बसायचं त्यांच्या मनातही आलं नाही. मोठा कालवा ओलांडायला तिथल्याच लोकांसाठी एक साधी नाव असते, उभ्या उभ्या पलीकडे नेणारी, तिच्यात ते चढले. नाव हलली तसा लडकूने अनिलचा दंड धरला. नावेतलीच एक बाई बाजाराची पिशवी घेऊन अशी उभी होती, जशी आपल्याकडची बाई एसटीची वाट बघत उभी असते. तहान लागली की चौकातल्या नळाचं पाणी प्यायचं. चर्चमध्ये तिकीट असलं तर दारातून आत डोकावायचं आणि पुढे निघायचं. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून कुणी आलं तर भिंतीला चिकटावं लागे. दोन-तीनदा तर गल्ली सरळ पाण्यात जाऊन संपली आणि ते हसत मागे फिरले.

दुपारी एका बाजूच्या कालव्याशी ते थांबले. हा कालवा दोन्हीकडून फळ्या ठोकून अडवला होता आणि आतलं पाणी पंपाने उपसून काढलं होतं. तळाला काळा गाळ. दोन्ही अंगच्या घरांच्या खालच्या भिंती उघड्या पडल्या होत्या, शेवाळलेल्या, शिंपले चिकटलेल्या, विटा पाण्याने खाल्लेल्या. त्या दुरुस्त करायचं काम चाललं होतं. वास येत होता म्हणून लोक नाकाला रुमाल लावून पुढे जात होते. लडकू कठड्याला टेकून उभा राहिला तो हलेना.

"काय बघतोस, दादा?" अनिलने विचारलं.

"जोती," लडकू म्हणाला.

लडकूचं मूळ गाव शिरवाडी. तो शाळेत असताना त्या खोऱ्यात धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. पाणी काही पुरासारखं आलं नाही. धरणाचं दार बंद झालं आणि मग ते रोज थोडं थोडं, आवाज न करता वर चढलं. आधी ओढ्याकाठचे मळे, मग खळी, मग देवळाची पायरी. बापाने घराचे वासे आणि कौलं उतरवून बैलगाडीने नव्या जागी आणली. मागे राहिलं ते फक्त जोतं. उन्हाळ्यात धरण आटलं की मे महिन्यात शिरवाडीची जोती गाळातून वर येतात. सोनूबाई हातीपायी धड होती तोवर दरवर्षी तिथे जायची, आपल्या जोत्यावर बसायची आणि ऊन चढलं की परत यायची. तिथे बसून ती काय करते, हे लडकूने तिला कधी विचारलं नव्हतं.

हे त्याने अनिलला सांगितलं. अनिल ऐकून म्हणाला, "हिथं लोकांनी भिंती दुरुस्त करून करून गाव टिकवलं. तुमचं कोन दुरुस्त करनार होतं?"

"आमचं बुडवायचंच होतं," लडकू म्हणाला, आणि दोघं पुढे गेले.

रविवारी सकाळी धुकं थोडं विरलं होतं. गर्दीचा भाग टाळून ते शहराच्या पार टोकाकडे चालत निघाले. त्या बाजूला घरं साधी, गल्लीवर दोऱ्या बांधून वाळत घातलेले कपडे, खिडकीतून खाली टोपली सोडणारी एक आजी. अनिल वाटेत लडकूचे फोटो काढत होता. पुलावर उभा कर, नळाशी उभा कर. स्वतःचा मात्र एकही काढू देईना. एका छोट्या दुकानात त्याने मुलीसाठी, श्वेतासाठी, काचेच्या मण्यांची माळ घेतली. कागदात गुंडाळून ती त्याने लडकूच्या पिशवीत टाकली.

"तुझ्या बॅगेत ठेव की," लडकू म्हणाला.

"राहू दे तुझ्याकडं. माझ्या बॅगेत चेपंल."

थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "दादा, माझा पासपोर्ट दे."

लडकूने पाकिटाची चेन उघडली आणि तिथेच त्याचा हात थांबला. मोठी बॅग, फोटो, माळ, आणि आता पासपोर्ट. दहा वर्षं एका माणसाशेजारी उभं राहून काम केलं की त्याचा हात कुठे जाणार ते आपोआप कळतं. लडकूने पासपोर्ट दिला, पण मनात शंका राहिली.

शहराच्या टोकाला झाडं असलेली एक बाग आहे. समोर उघडं, करड्या रंगाचं पाणी, दूरवर बेटं. बाकावर बसून त्यांनी डबा उघडला. भात गार होऊन घट्ट झाला होता. चटणी कालवून खाल्ला. खाऊन झाल्यावर लडकूने हात धुतले, पुसले आणि विचारलं, "पासपोर्ट कशाला पायजे तुला?"

"असाच. माझा हाय ना."

"तुझाच हाय. मंग माळ माझ्या पिशवीत कशी?"

अनिलने चटणीच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"कुठं उतरनार हायेस?" लडकूने विचारलं.

अनिल पाण्याकडे बघत म्हणाला, "पादोवाला, परतीच्या वाटेवर. बंटी येनार हाय न्यायला."

बंटी हा उल्हासनगरचा पंजाबी पोरगा. कंपनीत लागण्याआधी अनिल कल्याणच्या गॅरेजमध्ये काम करायचा तेव्हाचा त्याचा जोडीदार. तो पुढे कुणाकुणाला धरून इटलीत पोचला आणि आता इकडे गाईंच्या मोठ्या गोठ्यात काम करतो, हे लडकूने अनिलकडूनच कधीतरी ऐकलं होतं. गोठ्यावर माणसं लागतात, राहायला खोली देतात, कागदपत्रांचं पुढे होतं, असं बंटीने सांगितलं होतं.

"पुढं म्हंजे कवा?"

"सांगता येत नाय. पाच-सहा वर्सं. जास्त पन लागतील."

"तवर घरी?"

"येता येत नाय. आलं की परत जाता येत नाय."

"सारिकाला म्हायत हाय?"

अनिलने मान हलवली. नाही.

लडकूला राग आला होता, पण तो काही बोलण्याआधीच अनिल बोलायला लागला, आणि इतक्या वर्षांत बोलला नव्हता तेवढं बोलला. "दादा, तुझं नाव कंपनीच्या हजेरीत हाय. माझं ठेकेदाराकडं. एकाच मशिनवर उभं राहतो आपन. सुटताना गेटवर मला बाजूला घेऊन चाचपतात, तुला नाय. दर वर्सी म्हनतात, पुढल्या वर्सी पर्मनंट. आता हे नवीन मशिन बघितलंस ना? आपल्या लाइनीवर जेवढी मानसं लागतात त्याच्या अर्धी पन लागनार नायत त्याला. मी शिकलो ते. माझ्या जाग्यावर मानूस नको हाय, हे मीच शिकून चाललोय. पयला मी जानार घरी. सांग, खोटं हाय का?"

खोटं नव्हतं. मशिनची चाचणी बघताना लडकूच्याही ते ध्यानात आलं होतं आणि त्याने तो विचार बाजूला सारला होता. स्वतःची नोकरी पक्की असली की असे विचार बाजूला सारता येतात. पाण्यावरून एक मोठी होडी गेली, तिच्या लाटा काठाला लागून शांत झाल्या. मग त्याने शामची गोष्ट सांगितली. अनिलला एवढंच माहीत होतं की लडकूला एक मोठा भाऊ होता. ही हकिगत त्याने कधी ऐकली नव्हती.

शाम लडकूपेक्षा बराच मोठा, अंगाने थोराड. शिरवाडी उठली तेव्हा घराचं लाकूड त्याच्याच खांद्यावरून गाडीत चढलं. शेवटची गाडी नव्या जागी आली तेव्हा आईला आठवलं की जातं तिथेच राहिलं. पाणी अजून वाडीपर्यंत आलं नव्हतं. शाम म्हणाला, मी आणतो. आणि गेला तो गेला.

"आमी दोन दिवस पान्यात शोधलं," लडकू म्हणाला. "बापानं गळ टाकले. मंग कोनतरी सांगत आलं, कल्यानच्या स्टेशनात दिसला. मंग कोन म्हनलं सुरतला हाय. चिठ्ठी नाय, निरोप नाय. आता हाय का नाय ते पन म्हायत नाय. त्याला राग कशाचा होता, भीती कशाची होती, कायच नाय कळलं. रेशनकार्डावरनं त्याचं नाव आईनं मरंपर्यंत काढू दिलं नाय. तलाठी वरडला, सरपंच समजवायला आला. ती म्हनायची, माज्या हातानं नाय काढनार."

मग तो म्हणाला, "एकदा ती मला म्हनली, पान्यात बुडला असता तर रडून मोकळी तरी झाली असती. आईच्या तोंडातनं असं यावं, अनिल? पोटच्या पोरासाठी?"

लडकू त्याच्याकडे वळला.

"मी तुला धरून ठेवनार नाय. मशिनचं तू बोललास ते खरंच हाय. तुझी नोकरी राहील असं मी सांगू शकत नाय. पासपोर्ट तुझा तुला दिला. साहेबानं विचारलं तर काय ते मी बघून घेईन. पन सारिकाला सांग. आता, हिथनं. तिला म्हायत असू दे, तू कुठं हायेस आनि का गेलास. मंग उतर."

तिकडे तेव्हा संध्याकाळ होती. अनिलने फोन लावला. लडकू उठून बाजूला जायला निघाला तर अनिलने त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं. फोनमधून कुकरची शिटी ऐकू आली, आणि मागे श्वेता काहीतरी पाठ करत होती. अनिल सांगत गेला. अडखळत, उलटसुलट, आधी गोठ्याचं, मग बंटीचं, मग मशिनचं. तो थांबला तेव्हा लडकूला वाटलं फोन कट झाला. मग तिचा आवाज आला, अगदी हळू.

"तुमी मला इचारता का सांगता?"

अनिल म्हणाला, "इचारतो."

"मंग घरी येऊन इचारा. हे फोनवर इचारायचं नसतं." आणि मग, "सांगत असाल तर ते पन घरी येऊन सांगा. माज्या समोर उभं राहून सांगा आनि मंग जा. मी अडवनार नाय."

नंतर तिने थंडी फार आहे का विचारलं, लडकूदादा जेवले का विचारलं, आणि फोन ठेवला. अनिलने फोन खिशात घातला. त्याचे डोळे भरले होते, पण तो म्हणाला एवढंच, "चल, उशीर होईल."

स्टेशनापर्यंतची ती वाट लडकूला धड आठवत नाही. सगळं शहर पुन्हा ओलांडून यायचं होतं, आणि किती पूल चढले-उतरले, काय काय मागे पडलं, त्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. गाडीत समोरासमोर बसले. बाहेर अंधारून यायला लागलं होतं. अनिलने बॅग वरच्या फळीवर टाकली. तो जाणार की राहणार हे लडकूने विचारलं नाही. त्याला वाटत होतं की विचारलं तर आपण त्याला ढकलल्यासारखं होईल, या बाजूला किंवा त्या बाजूला.

पादोवाचं नाव दिव्यांच्या पाटीवर आलं. अनिल उठला. त्याने बॅग खाली काढली. लडकूने त्याला वाट देण्यासाठी गुडघे आत घेतले.

दार उघडलं. लडकू खिडकीतून बघत राहिला. फलाटावर लोकरीची टोपी घातलेला एक बारीक माणूस उभा होता, दोन्ही हात खिशात घालून. अनिल खाली उतरला तसा त्याने हात काढले आणि त्याला मिठी मारली. दोघं बोलत होते. काचेतून काही ऐकू येत नव्हतं. बंटी बॅगेकडे बोट दाखवत होता, जिन्याकडे बोट दाखवत होता. अनिल मान हलवत होता. मग अनिल वाकला, बॅगेची चेन उघडली, आत हात घालून काहीतरी शोधलं आणि चटणीचा डबा बाहेर काढला. दुपारी बाकावरून उठताना तो त्याने आपल्याच बॅगेत टाकला होता. डबा त्याने बंटीच्या हातात दिला.

फलाटावर शिट्टी वाजली. लडकूच्या लक्षात आलं की आपण उभे राहिलो आहोत.

दारं मिटता मिटता अनिल आत आला. बॅग पायांशी टाकून बसला आणि दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून श्वास घेत राहिला. गाडी हलली. बरीच स्टेशनं गेली.

शेवटी लडकूने विचारलं, "काय म्हनला?"

"म्हनला, पागल है तू." अनिल खिडकीकडे बघत होता. "मंग डबा उघडून वास घेतला त्यानं. आनि तोंड फिरवलं. बाप वारला त्याचा दोन वर्सांमागं. जाता आलं नाय."

इथपर्यंतची गोष्ट लडकूने गावात एक-दोघांना सांगितली आहे, आणि ऐकणारे त्याची पाठ थोपटतात. पोराचा संसार वाचवलास, म्हणतात. पुढचं तो सहसा सांगत नाही.

मशिन गुढीपाडव्याच्या सुमारास मुरबाडला आलं. अनिल आणि लडकूने मिळून ते बसवलं, चालवलं, बाकीच्यांना शिकवलं. उन्हाळा सरायच्या आत ठेकेदाराने माणसं कमी केली. पहिलं नाव अनिलचं होतं. लडकू आयुष्यात पहिल्यांदा साहेबांच्या केबिनमध्ये न बोलावता गेला. म्हणाला, "तो तिथं शिकून आलाय, साहेब. त्याला काढू नका." साहेबांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की हा ठेकेदाराचा विषय आहे. लडकू पाणी न पिता बाहेर आला. अनिल जाताना आपल्या कामावरच्या हेल्मेटचा पट्टा त्याच्याकडे देऊन गेला, कारण लडकूचा तुटला होता.

पुढे बरेच महिने भेट झाली नाही. लडकू फोन करायचा, कधी उचलला जायचा, कधी नाही. कळलं ते असं की अनिलने जुना टेम्पो चालवायला घेतला आहे, धसईच्या बाजूच्या गावांतून भेंडी उचलून वाशीच्या भाजीबाजाराला नेतो. दुपार कलली की निघायचं ते पहाटे परतायचं. शकू म्हणायची, "जाऊन या एकदा. फोनवर काय बोलता." लडकू आज-उद्या करत राहिला. खरं कारण वेगळं होतं. अनिलच्या दारात उभं राहायची त्याला धास्ती वाटत होती.

भातकापणी आटोपल्यावर एका रविवारी तो किन्हवलीला गेला. अनिल शेताकडून माल आणायला गेला होता. सारिकाने बसायला सतरंजी टाकली, चहा ठेवला. ती आता शहापूरला एका दवाखान्यात कामाला जाते. चेहरा ओढलेला दिसत होता.

"त्या दिवशी तुमी फोन करायला लावलात," ती म्हणाली. "मला सांगितलं ह्यांनी."

लडकूने कप खाली ठेवला. "चुकलं का माझं?"

सारिकाने चुलीवरचं भांडं उतरवलं, हात पुसले. "ते गेले असते तर पैसा आला असता, हे मला कळतं, दादा. ह्या वर्सी श्वेताची शाळा बदलावी लागली. ते पन हायच. पन हा मानूस रोज समोर बसून भांडतो माझ्याशी. मला ते चालतं." जरा वेळाने ती म्हणाली, "त्यांना चालतं का, ते त्यांनाच इचारा."

बाहेर टेम्पोचा आवाज आला. अनिल वाळला होता, दाढी वाढली होती. लडकूला बघून तो थबकला, मग म्हणाला, "आलास? बरं झालं. क्रेट लावायला ये."

दोघं टेम्पोच्या मागे गेले. अनिल वरून क्रेट लावत होता, लडकू खालून देत होता. भेंडीची लव हाताला खाजत होती. निम्मा टेम्पो भरला तेव्हा अनिल कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"कधी कधी तुझा राग येतो, दादा."

"येऊ दे," लडकू म्हणाला.

"वाशीला मध्यरातीपर्यंत लाइनीत थांबलो की येतो. वाटतं, तू तवा शामचं सांगायला नको होतं." त्याने पुढचा क्रेट मागितला. लडकूने दिला. "रोज नाय येत."

लडकूने पुढचा जड क्रेट उचलला, आणि अनिलने वाकून दुसऱ्या बाजूने धरला.

ताडपत्री ओढून, दोर आवळून झाल्यावर अनिल म्हणाला, "पुढल्या रविवारी वेळ हाय का? टेम्पोच्या स्प्रिंगचे मागचे पाटे बदलायचेत. धरायला मानूस लागंल."

"येतो," लडकू म्हणाला. "सकाळी येऊ का दुपारी?"

"सकाळीच ये. जेवायला थांब."